वाघोलीच्या आजीने शिरका उकळला

ईरा, निहार,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, की आजी, तू शिरका पिऊन कॅन्सरमधून बरी झालीस ना? तिने शाळेत मैत्रिणींना तसं सांगूनही टाकलं होतं. मागून निहार म्हणाला, की मग आपण दुकानातलं सफरचंदाचं व्हिनेगर रोज प्यायलं तर आपल्याला कधी काही होणारच नाही. मी नुसती हसले. तुम्हाला पोहायला जायची घाई होती, आणि हा विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नव्हता. म्हणून हे लिहिते आहे. वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. पण तिला गाळू देऊ नका, सगळं वाचायला लावा.

उत्तर आधीच देते. मी बरी झाले ती शस्त्रक्रियेने आणि केमोच्या औषधांनी. शिरक्याने नाही. पण शिरका करणारी तुमची वाघोलीची आजी नसती, तर ती औषधं मला शेवटपर्यंत घेता आली असती असं मला वाटत नाही. या दोन गोष्टींत फरक आहे. तो तुम्हाला कळावा, आणि तुमच्या ओळखीत कुणावर हीच वेळ आली तर त्यांनाही सांगता यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

निदानाचा दिवस

आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून मी आठवडाभर दुर्लक्ष केलं आणि मग स्वतःवरच चिडून तपासणीला गेले. तपासण्यांमागून तपासण्या झाल्या. शेवटी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसले. डॉक्टर तुमच्या आईच्या वयाच्या. माझी फाइल पाहून त्या म्हणाल्या की रिपोर्ट इतके व्यवस्थित लावून कुणी आणत नाही. मला बरं वाटलं. मग त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला, आणि मी विचारलं की रिपोर्टची आणखी एक प्रत कुठे मिळेल.

बाहेर येऊन लिफ्टपाशी उभी राहिले. बराच वेळ लिफ्ट येईना, तेव्हा लक्षात आलं की मी बटणच दाबलेलं नाही.

तुमचे आजोबा गेल्यापासून मी कोथरूडच्या घरी एकटी राहते, आणि मला त्याची सवय झाली आहे. पण त्या संध्याकाळी घराचं दार उघडताना वाटलं, आत कुणीतरी असायला हवं होतं. नुसतं टीव्ही बघत बसलेलं असतं तरी चाललं असतं.

शस्त्रक्रियेच्या वेळी तुमची आई कॅनडाहून आली, महिनाभर राहिली, आणि तुमच्यासाठी आणि नोकरीसाठी परत गेली. मीच तिला पाठवलं. केमो तर रिक्षाने जाऊन घेता येतो, असं मी तिला सांगितलं. पहिला डोस मी खरोखरच रिक्षाने जाऊन घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी सगळी ऐट उतरली होती.

चव

पुस्तकांत उलट्यांबद्दल आणि केस गळण्याबद्दल लिहिलेलं असतं. केस गेले, त्याचं मला फार वाटलं नाही. डोक्याला रुमाल बांधून मी बरी दिसत होते, असं माझं मत आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं ते चवीचं. चहा घेतला तर लोखंडी कढई चाटल्यासारखा लागे. भात म्हणजे भिजलेला कागद. तुपाचा वास आला की पोटात ढवळायचं, आणि हे मला, जिला साजूक तुपाशिवाय वरणभात माहीत नाही. पोळ्या करायला येणाऱ्या बाई रोज विचारत, आज काय करू, आणि त्या प्रश्नानेच माझ्या डोळ्यांत पाणी येई.

मी ताट घेऊन बसायची, दोन घास चघळायची आणि उठायची. वजन उतरू लागलं. दुसऱ्या डोसच्या वेळी डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आजी, असंच चाललं तर मला डोस पुढे ढकलावे लागतील. कदाचित थांबवावेही लागतील. तुम्ही जेवत नसाल, तर मी हे औषध देऊ कुणाला?"

या आजारात मला खरी भीती वाटली ती तेव्हा. औषध आहे, मिळतं आहे, लागू पडतं आहे, आणि मला ते घेता येणार नाही, का, तर माझ्याच्याने आमटीभात गिळवत नाही.

बरणी

आता वाघोलीच्या आजीकडे येते. तुमच्या बाबांची आई, म्हणजे माझी विहीण, कमलताई. तुम्ही त्यांना ओळखता, पण सुटीत आलेली नातवंडं आजीला ओळखतात तेवढंच. वाघोलीत त्यांची शेती होती. आता तिथे इमारती आहेत, आणि कुंपणाच्या कडेने तीन जांभळांची झाडं उरली आहेत. ती झाडं पाडू न देण्यासाठी त्या बिल्डरशी किती भांडल्या, ते बाबांना विचारा. मोठी गाडी स्वतः चालवतात. खराडीचा ट्रॅफिक तुडवत अख्खं पुणे ओलांडून कोथरूडला येतात, आणि आल्यावर पहिलं वाक्य असतं, "तुमच्या कोथरूडात गाडी लावायला जागा न्हाई, नुसत्या पाट्या हायत."

त्यांचा शिरका, म्हणजे घरी आंबवून केलेलं व्हिनेगर, आमच्या दोन्ही घरांत प्रसिद्ध आहे. जांभळाचा, आणि कधी उसाचा. त्यात कुठल्या बाटलीत आलं, कुठल्या बाटलीत गवती चहा, कुठे पुदिना. त्यांच्या सासूबाईंनी ठेवलेल्या शिरक्यातला थोडा दर वर्षी नव्या रसात विरजणासारखा घालतात, म्हणजे मूळ तेच चालत आलेलं. त्या म्हणतात, शिरका जिवंत असतो. बरणीजवळ कुणी मोठ्याने भांडलं तर त्यांना चालत नाही.

पहिल्या डोसनंतर त्या मला भेटायला आल्या आणि आलं-गवती चहाचा शिरका चिनी मातीच्या बरणीतून देऊन गेल्या. मी ती फडताळात ठेवली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरचं काही घ्यायचं नाही, असं मला सांगितलेलं होतं, आणि मी विचारलं नव्हतं.

पण बरणी डोळ्यांसमोर होती. तुम्हाला तिकडे हे कुणी सांगितलं नसेल. आपल्याकडे मुलीच्या आईने मुलीच्या सासरचं फुकट काही घ्यायचं नसतं. पूर्वीच्या बायका तर मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही पीत नसत. मी तितकी जुनी नाही. पण विहिणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे माझ्या हाडात आहे. दुसऱ्या डोसनंतर त्यांचा फोन आला, की उद्या येते. मी शिरका बाटलीत काढला, बरणी घासून पुसून ठेवली आणि बेसन भाजायला घेतलं. लाडू भरून द्यावेत म्हणून.

ज्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात आणि पटकन जंतुसंसर्ग होतो, त्याच आठवड्यात, ज्या बाईला तुपाचा वास सहन होत नाही, तिने तुपात बेसन भाजायला घेतलं. शेजारच्यांना जळका वास आला, म्हणून त्यांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. मी ओट्यापाशी खाली बसले होते आणि अंगात सणसणून ताप होता.

दवाखान्यातले दिवस

मला दाखल केलं. पहाटे रक्त काढायला यायचे, मग ताप, मग सलाइन, मग पुन्हा ताप. सगळे मास्क लावून येत, त्यामुळे मी माणसं डोळ्यांवरून ओळखायला शिकले. एक आया होत्या, जेवणाच्या ताटाचं झाकण बाहेर पॅसेजमध्येच उघडून, वाफ जाऊ देऊन, मग ताट आत आणायच्या. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. वास सहन होत नाही हे त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं होतं. असल्या लहान गोष्टींचे उपकार फार मोठे वाटतात तिथे.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. मास्क, पायात प्लास्टिकचे मोजे, हातात काही नाही. खुर्ची ओढून बसल्या. मी म्हटलं, बरणी राहिली तुमची. त्यांनी खुर्ची आणखी जवळ घेतली.

"लाडू करत हुता म्हणं."

मी चादरीची घडी सारखी करू लागले.

"काय वो विहीणबाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. वरपक्ष, वधूपक्ष, दोन्ही तिकडं कॅनडात बर्फ उपसायलेत. हितं ऱ्हायलं कोण? तुम्ही आन मी. आता आपण दोघींनीच मानपान करत बसायचं का?"

मला हसू आलं आणि हसताना सलाइनची सुई दुखली.

तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आल्या. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि सरळ विचारलं, की ह्यांच्या तोंडाला चव न्हाई, मी घरी केलेला शिरका देऊ का. मला वाटलं होतं डॉक्टर उडवून लावतील. त्यांनी उडवलं नाही. कशाचा, कसा करता, आत काय घालता, सगळं विचारलं. विहीणबाईंनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता, काहीही न वाढवता. यानं रोग बरा होतो, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाल्या, आत्ता मुळीच नाही. पेशी वर आल्या की चालेल, पण उकळून. मला विचारल्याशिवाय कच्चं, आंबवलेलं काही नको. मोठ्या ग्लासभर पाण्यात एक चमचा, जेवताना. तोंड आलं असेल तर बंद. आणि हळद, काढे, आणखी कुठल्या मुळ्या त्यात घालायच्या नाहीत, नुसतं आलं आणि गवती चहा.

उकळून, हा शब्द आला तेव्हा विहीणबाईंच्या भुवया किंचित हलल्या. तेवढंच.

गॅसवर

घरी आले तेव्हा त्या बॅग घेऊन हजर होत्या. डोसनंतरचा प्रत्येक अवघड आठवडा त्या माझ्याकडे राहिल्या, थेट शेवटपर्यंत. मुलाची आई सुनेच्या माहेरी येऊन राहते आणि तिच्या आईचं पथ्यपाणी करते, हे आमच्या सोसायटीत कुणी पाहिलं नव्हतं. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत.

पेशी वर आल्याचा रिपोर्ट आला त्या सकाळी त्यांनी फडताळातली बाटली काढली, शिरका स्टीलच्या पातेल्यात ओतला आणि गॅस पेटवला. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. सासूबाईंपासून चालत आलेला, भांडणाचा आवाजसुद्धा लागू न दिलेला शिरका. त्याला उकळी फुटली. घरभर आंबट, तिखट वाफ झाली आणि मला आश्चर्य वाटलं, की त्या वासाने ढवळलं नाही.

मी म्हटलं, "तुम्ही म्हणता ना जिवंत असतो. मग हा गेला की."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "कुणाचा जीव जपायचा ते कळतं मला."

पातेलं उतरवून, थंड करून, त्यांनी गाळून बाटलीत भरलं. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. शाळेत इंग्रजी शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, स्वतःला शहाणे समजणारे तर रोज भेटत. आपल्याला जे सगळ्यांत चांगलं जमतं, ते दुसऱ्याच्या गरजेपुरतं मोडून द्यायला तयार असणारी माणसं फार कमी भेटली.

त्या दिवशी जेवायला बसताना त्यांनी गार पाण्याच्या ग्लासात एक चमचा शिरका, गुळाचा खडा आणि चिमूटभर सैंधव घालून दिलं. पहिला घोट घेतला आणि जिभेच्या कडांना काहीतरी झालं. तोंडाला पाणी सुटलं. कितीतरी दिवसांत माझं तोंड ओलं झालं नव्हतं. मी म्हटलं, आंबट आहे. त्या म्हणाल्या, मग काय गोड असंल? मी पुन्हा म्हटलं, आंबट लागतंय मला. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी गार दहीभात पुढे सरकवला, ताज्या, घरी नीट लावलेल्या दह्याचा, तोही डॉक्टरांना विचारून ठेवलेला, आणि काकडीच्या फोडींवर शिरक्याचे चार थेंब टाकले. मी वाटीभर खाल्लं. वाटीभर म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही, आणि कधी कळू नये.

रोज जमलं असं नाही. तिसऱ्या डोसनंतर तोंड आलं, तेव्हा त्यांनी शिरक्याची बाटली स्वतःच उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि पेज, केळं, थंड दूध यांवर दिवस काढले. मी एकदा मागितला तरी दिला नाही. तोंड बरं झालं तसा पुन्हा चमचा सुरू.

गोळ्या

बातमी पसरायला सोसायटीत वेळ लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या एक बाई आल्या. त्यांनी मोबाइलवर काहीतरी वाचलं होतं, की शिरक्याने साखर उतरते, गाठी विरघळतात, आणि डॉक्टर लोक हे मुद्दाम सांगत नाहीत. त्यांना यजमानांसाठी दोन बाटल्या हव्या होत्या. म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतील.

विहीणबाईंनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि विचारलं, गोळ्या बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं का. त्या म्हणाल्या, नाही, पण.

"मग बाटली मिळायची न्हाई. गोळ्या चालू ठेवून, डॉक्टरांना विचारून या, मग एक सोडून चार नेता का पाच."

बाई रागावून गेल्या. मी म्हटलं, दुखावल्या त्या. विहीणबाई म्हणाल्या, दुखू दे, दुखलेलं बरं होतं. मग जराशाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणाल्या की त्यांच्या गावात एकाने असंच कुणाचं ऐकून इन्शुलिन बंद केलं होतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.

या काळात तुमची आई रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, मी येऊ का? मी नाही म्हणायची. एकदा ती रडली आणि म्हणाली, माझी आई आहेस तू, आणि माझी सासू तुला भरवते आहे, मला इथे बसून लाज वाटते. विहीणबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला सांगितलं, की तू आलीस तर ह्या तुझ्यासाठी लाडू करायला उठतील, त्यापेक्षा तिथंच रहा. तुमची आई रडता रडता हसली, ते मला इकडे ऐकू आलं.

ईरा करून बघणारच, म्हणून

घरचा शिरका करायचा असेल तर इथे येऊन शिका, फोनवर नाही. पिकलेली जांभळं धुऊन, पाण्याचा अंश राहू न देता कोरडी करायची, हातानेच कुस्करायची, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरून वर पातळ कापड बांधायचं. आंबवायला धातूचं भांडं नको. मग जुन्या शिरक्याची जोड आणि वाट बघणं. बुरशीचा केसाळ थर आला तर सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही. या बाबतीत वाघोलीच्या आजी फार कडक आहेत. पुदिना, आलं, गवती चहा तयार शिरक्यात नंतर घालायचं आणि वास उतरला की गाळायचं. उन्हाळ्यात पुदिन्याचा, पावसात आल्याचा. जेवणाबरोबर, भरपूर पाण्यात एक चमचा. नुसता प्यायचा नाही, घसा आणि दात खराब होतात. नंतर चूळ भरायची. निहार, तू तर मुळीच ग्लासभर पिऊन दाखवायचा नाहीस.

हे रोजचं, साधं, चवीचं आणि पोटाला बरं वाटेल असं पेय आहे. तेवढंच आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे. मी आता तेच घेते, न उकळलेलं, डॉक्टरांना विचारून.

शेवटचा डोस

शेवटच्या डोसला विहीणबाई मला गाडीतून घेऊन गेल्या. आधी वजन. मी काट्यावर उभी राहिले आणि डोळे मिटले. सिस्टरने आकडा वाचला. वजन उतरलेलं नव्हतं. किंचित वाढलं होतं. डॉक्टरांनी कागदावर सही केली, मान वर करून विहीणबाईंकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. विहीणबाई म्हणाल्या, गाडी नीट लावली न्हाई, बघून येते. गाडी अगदी नीट लावलेली होती. त्या बऱ्याच वेळाने आल्या आणि चेहरा धुतलेला होता.

औषध संपलं, सुई निघाली. आम्ही निघालो तेव्हा दुपार टळली होती. कर्वे रस्त्यावर नेहमीसारखी कोंडी, पुढे सिग्नल लाल. बाहेर हातगाडीवर कुणीतरी मक्याची कणसं भाजत होतं आणि तो वास काचेच्या फटीतून आत आला.

मी म्हटलं, "विहीणबाई, मला भूक लागली आहे."

डॉक्टर म्हणतील तो इंजेक्शनातल्या स्टेरॉइडचा परिणाम. म्हणोत. इतक्या महिन्यांत माझ्या पोटाने पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून बसून राहिल्या. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ मांडला. एरवी हॉर्न वाजवणाऱ्याला काच खाली करून दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे न जाणारी ती बाई. तिला काही ऐकूच येत नव्हतं.

"परत म्हणा," त्या म्हणाल्या.

मी परत म्हटलं.